आईची जट आणि रात्रीची कात्री

या वेळचं पत्र पंचवटीतून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझं वय ३६. आई भावाकडे आडगावला असते. चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि दोन महिन्यांतच आईला टायफॉइड झाला. महिना-दीड महिना ती अंथरुणाला खिळून होती. डोक्याला फणी लागली नाही. उठली तेव्हा मानेशी केसांचा गुंता झाला होता. मी सोडवायला बसले, तर शेजारच्या एक बाई म्हणाल्या, 'हात लावू नको, देवीची जट आहे, गडावरच्या सप्तशृंगीनं हिला धरलंय.' तेव्हापासून जट वाढत वाढत कमरेपर्यंत आली. आईला मान वळवता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही. पावसाळ्यात वास येतो. सहा वर्षांची भाची आजीजवळ झोपत नाही, आणि आईला ते कळतं. दर मंगळवारी-शुक्रवारी गल्लीतल्या बायका येऊन जटेला हळद-कुंकू लावून जातात. जट काढायचा विषय निघाला की आई थरथरते. म्हणते, 'काढली तर तुझ्या भावाचं बरंवाईट होईल.' भाऊ आता म्हणतो, झोपेची गोळी देऊन रात्री कापून टाकू. सकाळी रडेल, मग विसरेल. मला ते पटत नाही आणि दुसरं काही सुचत नाही. काय करू? — एक लेक"

लेकी, वयानं तू माझ्या मुलीएवढी, म्हणून अगं-तुगं करते.

आधी भावाला सांग, कात्री ठेवून दे. झोपेच्या गोळीचा विचार तर आत्ताच सोडा. डॉक्टरांना न विचारता म्हाताऱ्या माणसाला अशी गोळी देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. जट निघायला हवी याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ती दिवसाढवळ्या, आई जागी असताना, तिनं 'हो' म्हटल्यावर निघायला हवी. त्याला दोन महिने लागोत, सहा महिने लागोत. चार वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा.

जट होते कशी, ते तुला ठाऊक असलं तरी एकदा नीट सांगते, कारण आईला ते तुलाच समजावायचं आहे. आपल्या डोक्यावरचे पन्नास ते शंभर केस रोज गळतात. फणी फिरली की ते निघून जातात. फणी फिरली नाही तर गळलेले केस उरलेल्या केसांत अडकून बसतात. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. घाम, तेल, धूळ आणि उशीवरचं घासणं यांनी ते एकमेकांत गुंततात. मेंढीची लोकर ओली करून चोळली की तिचा नमदा होतो, तसंच हे. एकदा नमदा झाला की फणी आत शिरत नाही, आणि फणी शिरत नाही म्हणून तो वाढतच जातो. तुझ्या आईच्या बाबतीत त्यावर चार वर्षं हळद, कुंकू आणि तेल पडत आलं. आई तापानं फणफणली होती आणि नवऱ्याच्या दुःखात तिला आरशासमोर बसावंसं वाटत नव्हतं. जटेचं मूळ एवढंच आहे.

ही भीती आपल्याच मुलखातली आहे असंही नाही. युरोपात पोलंडमध्ये शेकडो वर्षं अगदी असाच समज होता. तिथे या गुंत्याला 'कोल्टुन' म्हणत. शरीरातलं दुखणं केसांवाटे बाहेर येतं आहे, तो कापला तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, असं लोक मानत आणि वर्षानुवर्षं तो डोक्यावर बाळगत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव्हच्या योझेफ डीटल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. कोल्टुनवाल्यांची गणती केली, त्यांना शाळा-कचेऱ्यांत येऊ देऊ नये, दंड करावा, असे उपाय काढले. सरकार आता कोल्टुनवर कर बसवणार अशी आवई उठली आणि लोक ते कापू लागले. पुढे ती चाल हळूहळू मिटत गेली. कापलेल्या कोणाच्या घरावर आभाळ कोसळलं नाही. ही गोष्ट आईला जरूर सांग: तिकडे सप्तशृंगी नव्हती, यल्लम्मा नव्हती, तरी जट होती आणि भीतीही हीच होती. डीटलांची रीत मात्र घरी वापरू नका. धाक घालून, लाज आणून एखादी चाल मोडता येते, पण आईला त्या वाटेनं नेऊ नये.

आता तुझ्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. तू ती सहज लिहून पुढे गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. दर मंगळवारी-शुक्रवारी बायका येऊन आईच्या जटेला हळद-कुंकू लावतात.

बाबा गेल्यावर आईच्या कपाळाचं कुंकू गेलं असेल. चैत्रातल्या हळदी-कुंकवाला, संक्रांतीच्या वाणाला कोणी बोलावलं नसेल. लग्नात ओवाळायला पुढे हो म्हणायचं थांबलं असेल. आपल्याकडे हे कोणी ठरवून करत नाही, नुसतं होत जातं, आणि जिच्यावर होतं तीही ते मुकाट स्वीकारते. मग हा गुंता आला, आणि ज्या बायका तिला टाळत होत्या त्याच तिच्या पाया पडायला लागल्या. कपाळावरून गेलेलं कुंकू जटेवर परत आलं. अगं, ती बाई जटेला नाही, त्या मानाला धरून बसली आहे. तुम्ही रात्री जट कापाल तेव्हा तो मानही कापाल, आणि बदल्यात तिला काय द्याल?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजीची धाकटी जाऊ बालविधवा होती. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात मी तिला अगदी लहानपणी पाहिलं आहे. लाल आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ठरावीक दिवसांनी परसदारी न्हावी यायचा. ती अंगणात त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि आम्हा पोरांना आत हाकललं जायचं. तिच्या केसांबद्दल तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. तेराव्या वर्षी नवरा गेला, आणि दहाव्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. पण वाड्यातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या तीच घालायची. आधी तेल, मग मोठ्या दातांची फणी, मग बारीक. कुठे गुंता लागला तर बोटांनी धागा धागा सोडवायची, कधी ओढायची नाही. तिच्या हाताखाली बसलं की झोप यायची. ती गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिच्या डोक्यावरून असा हात कोणी फिरवला असेल का, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला आणि अजून सुटलेला नाही.

तिच्या डोक्यावरची ती चाल मोडायला लोक झटले. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनीच ठरवलं की यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. मला या घटनेचं फार मोल वाटतं. पोटावर पाय आला असता तरी ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. तरी माझ्या चुलतआजीपर्यंत ते पोचायला किती वर्षं लागली, पाहा.

केसांचा इतिहास चाळला तर मला सगळीकडे हाच प्रश्न उभा दिसतो: डोकं कोणाचं आणि ठरवणारं कोण? द्रौपदीला दुःशासनानं सभेत ओढत आणलं ते केसांना धरून, आणि ते केस राजसूय यज्ञाच्या अवभृथस्नानात, म्हणजे यज्ञ संपल्यावरच्या स्नानात, मंत्रजलानं भिजलेले होते, हे महाभारत आवर्जून सांगतं. फ्रान्स १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातून सुटला, तेव्हा शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो बायकांना भर चौकात बसवून त्यांचं मुंडण केलं गेलं. हात वेगळे, कारणं वेगळी. डोक्याच्या मालकिणीला मात्र कोणी विचारलं नाही.

याउलट आपलं नाशिक बघ. पांडवलेण्यांत राहणारे भिक्खू डोकं तुळतुळीत ठेवत. सिद्धार्थानंही घर सोडल्यावर आपल्या तलवारीनं आपलेच केस उतरवले, अशी कथा आहे. तिथून त्र्यंबकला जा, तर ब्रह्मगिरीवर शंकरानं जटा आपटल्या आणि गोदावरी अवतरली म्हणून ती जागा दाखवतात. सिंहस्थात कुशावर्तावर नागा साधू येतात, पायापर्यंत लोळणाऱ्या जटा घेऊन. त्यांनीही दीक्षेच्या वेळी आधी मुंडण केलेलं असतं, स्वतःचं पिंडदान केलेलं असतं, आणि मग जटा राखलेल्या असतात. एकाच गोदाकाठी मुंडणही पवित्र आणि जटाही पवित्र, कारण दोन्ही त्या माणसानं स्वतः निवडलेलं असतं. तुझ्या आईनं जट निवडली नव्हती. ती तापात पडली होती आणि दुसऱ्याच कोणी तरी सांगितलं की ही देवीची आहे. आता ती काढायचंही तिला न विचारताच ठरलं, तर तिच्या वाट्याला काय वेगळं आलं?

तू पंचवटीत राहतेस म्हणून एक गोष्ट सुचवते. पंचवटी म्हणजे पाच वड. वाल्मीकी रामायणात वनवासाला निघालेला राम गंगाकाठी निषादराज गुह याच्याकडून वडाचा चीक मागवतो आणि त्यानं स्वतःच्या आणि लक्ष्मणाच्या जटा वळतो. म्हणजे पंचवटीत राहिलेला राम जटाधारी होता. इकडे नंदिग्रामात भरतानंही जटा राखल्या. चौदा वर्षं सरली, राम परतला, आणि राज्याभिषेकाआधी शत्रुघ्नाच्या सांगण्यावरून कुशल न्हावी आले, भावांची स्नानं झाली, रामाच्या जटा सोडवून काढल्या. त्या न्हाव्यांसाठी तिथे एक शब्द आला आहे: सुखहस्त. ज्यांचा हात लागला की सुख वाटतं, असे.

आई काळारामाला जाणारी असेल तर ही गोष्ट तिला तिथेच, देवळाच्या पायरीवर बसून सांग. जटा ही व्रताची खूण होती, व्रत संपलं तेव्हा ती उतरली, आणि ती उतरवल्यानं रामाच्या भावांचं काही वाईट झालं नाही. लगेच 'मग काढायची का?' असं विचारू नकोस. गोष्ट सांग आणि घरी ये. तिला चार दिवस घोळवू दे.

देवीनं कौल दिला, स्वप्नात येऊन सांगितलं, असलं काही रचू मात्र नका. मोह होतो, मला कळतं. पण आज तुमच्या बाजूनं खोटा कौल लावलात की उद्या तोच कौल उलटा फिरवणारं कोणी तरी भेटतंच. आईची इच्छा असेल तर तिला गडावर घेऊन जा. आता ट्रॉली आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. देवीसमोर तिला जे बोलायचं ते तिचं तिला बोलू दे. तू बाजूला उभी राहा.

आता भावाचं काम. आईची भीती त्याच्या जिवाची आहे, म्हणून तू कितीही समजावलंस तरी ती पुरणार नाही. त्यानंच आईसमोर बसायला हवं. तिचा हात हातात घेऊन त्यानं म्हणावं: "आई, मला काही झालं, ताप आला, गाडीवरून पडलो, नोकरीत काही बिनसलं, तरी या घरात कोणी तुझ्या केसांचं नाव काढणार नाही. हा माझा शब्द." हे नुसतं सांत्वन नाही. येत्या वर्षभरात घरात काही ना काही दुखणंखुपणं होणारच, कोणाच्या घरी होत नाही? तेव्हा कोणी तरी उंबऱ्यात उभं राहून म्हणेल, "बघा, सांगत नव्हते?" त्या वेळी आई एकटी पडू नये म्हणून हा शब्द आधीच दिलेला हवा. वहिनीनंही तो द्यायला हवा, कारण असलं बोलणं बहुतेक वेळा तिच्याच कानावर आधी येईल. कात्री उचलण्यापेक्षा भावाला हे जड जाईल. जाऊ दे.

आणि मानाचं. येत्या चैत्रात तुझ्या घरी हळदी-कुंकू ठेव आणि पहिलं कुंकू आईला लाव. शेजारणी काय म्हणतील याची तयारी ठेव. एक-दोघी उठूनही जातील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. एक अख्खं गाव हे करू शकलं, तर तुमचं एक घर नक्की करू शकेल. जटेवाचूनही कुंकू मिळतं हे आईनं आधी डोळ्यांनी पाहिलं, तर जट सोडणं तिला इतकं जड जाणार नाही.

तोवर तिच्या डोक्याला हात लावायला सुरुवात कर. जटेला नको. कानाच्या वर, कपाळाच्या कडेला मोकळे केस असतील, तिथे थोडं खोबरेल लाव, बोटं फिरव. चार वर्षांत त्या डोक्याला जे हात लागले ते कुंकू लावायला लागले. विठ्ठल जनीची वेणी घालतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो, ही कथा आपल्या बायका शेकडो वर्षं जात्यावर गात आल्या, ती काही उगीच नाही. भाचीलाही बोलव. तिच्या वेण्या आजीकडून घालून घे. वास येतो म्हणून पोर दूर पळते, पण पाठ करून बसली तर बसेल.

आई 'हो' म्हणाली की मग घाई करायची नाही आणि फार लांबवायचंही नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. जटेखाली त्वचेला जखमा असू शकतात, उवा असतात, पू झालेला असू शकतो. मानेचं दुखणंही दाखवून घ्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. ते आधी येऊन त्या बाईशी बोलतात, घरच्यांशी बोलतात, आणि तिची संमती असेल तरच कात्री घेतात. नाशकात त्यांना शोधणं अवघड जाणार नाही. घरीच करायचं ठरवलंत तर दिवसा, भरपूर उजेडात करा. जट डोक्याच्या अगदी जवळ घट्ट बसलेली असते, केस कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते पटकन दिसत नाही. म्हणून टोकाकडून थोडं थोडं कापत या. रॉकेल किंवा असलं काही ओतू नका. आईच्या हातात आरसा द्या, आणि पहिली कात्री तिला स्वतःला चालवायची असेल तर चालवू द्या. मध्येच 'थांबा' म्हणाली तर थांबा, चहा करा. अर्धी जट राहिली तरी चालेल. उरलेली उद्या.

निघालेल्या जटेचं काय करायचं, तेही तिलाच विचार. कचऱ्यात टाकू नका. गोदावरीत सोडायचं म्हणाली तर नदीच्या हालाबद्दल तिच्याशी बोल. गावी शेत असेल तर बांधावरच्या झाडाखाली खड्डा करून पुरता येईल. तिला चार दिवस घरात ठेवावीशी वाटली तर ठेवू दे.

त्यानंतर काही दिवस तिला डोकं हलकं लागेल, मान सारखी मागे जाईल. इतकी वर्षं ओझं सांभाळायची सवय झालेली असते. ती एकटी असताना हात पाठीमागे नेऊन चाचपून पाहील. पाहू दे. शेजारच्या बाई आल्या तर भांडू नका, बसवा, पाणी द्या, आणि भाऊ घरी असेल तेव्हाच त्यांना येऊ द्या.

आणि पहिल्या न्हाणाला तूच जा. पाणी कोमट ठेव, हातावर टाकून बघ. शिकेकाई लगेच नको, कातडी हुळहुळी झालेली असेल, चुरचुरेल. डॉक्टर सांगतील तेच लाव. तांब्यानं बारीक धार धर आणि ओतण्याआधी तिला सांग, "आई, पाणी ओतते आता."